ओ

पहाटे तीन वाजून सात. औलू. बाहेर उणे बावीस.
आलेखाची रेघ आधी खोकल्यासारखी हलली,
मग उभी राहिली, भिंतीसारखी.
अन्सीने मग खाली ठेवला नाही,
कॉफी निवेपर्यंत तसाच धरून बसला.
आरोग्यकेंद्रांचं पोर्टल गेलं:
औषधांच्या चिठ्ठ्या, उद्याच्या वेळा,
रात्रपाळीच्या नर्सला आत्ता हवा असलेला रक्तगट.

तोडफोड कुठेच नाही.
कुलपं जिथल्या तिथे.
आत कुणी शिरलेलं नाही,
फक्त दाराशी सगळे एकदम आले
आणि प्रत्येकाने अगदी सौजन्याने विचारलं,
आहे का कुणी?

यंत्राचा धर्म असा, की हाकेला ओ द्यायची.
ओ दिली की एक खुर्ची राखायची
आणि हाक मारणाऱ्याची वाट पाहायची.
तो येत नाही.
नाव खोटं, पत्ता तिसऱ्याच कुणाचा.
खुर्च्या रिकाम्या
आणि सभागृह भरलेलं.

माझी आई शहराच्या नाट्यगृहात कोट सांभाळायची.
पडदा उघडायच्या आधी पंधरा मिनिटांत सातशे कोट,
बर्फ गळणारे, लोकरीचा ओला वास.
केर्तू, ती म्हणायची, चेहरे लक्षात ठेवायला गेलीस
तर विसाव्या माणसाला वेडी होशील.
हातात बिल्ला द्यायचा आणि विसरायचं.
बिल्ला घेऊन परत येतो तो माणूस.

मी यंत्राला तेच सांगितलं.
खुर्ची राखू नकोस. बिल्ला दे.
आठवणीचं ओझं आपल्या डोक्यावर नको,
त्याच्या मुठीत असू दे.
रेघ जरा वाकली. अन्सी हसला.

पाच वाजता त्यांनी चाल बदलली.
आता बिल्ले घेऊन परत येऊ लागले,
खऱ्या पत्त्यांवरून, खऱ्या नावांनी:
लिमातल्या एका पाळण्यावरचा कॅमेरा,
बुसानमधल्या सलूनचा राउटर,
पोर्तोत कुणाच्या माशांच्या टाकीचा हीटर.
एकाचंही आमच्याशी वाकडं नाही.
मालक झोपलेले,
पासवर्ड अजून कारखान्यातलाच, एक दोन तीन चार.
थेंबे थेंबे तळे साचे, म्हणतात.
तळ्याला कुणी विचारलंय?

आम्ही स्टॉकहोमला फोन केला,
लोंढा तुमच्याकडे वळवून घ्या, गाळून पाठवा.
गाळणीला डोळे नसतात, भोकं असतात.
कुसामोच्या एका दाईने चार वेळा प्रयत्न केला,
चार वेळा आम्ही तिला परत पाठवलं.
नोंदवहीत तिची वेळ आहे,
ती का आली होती ते नाही.

मग याद्या. पत्ते मोजायचे,
मिनिटाला कोण किती वेळा विचारतो ते पाहायचं,
अती करणाऱ्याला थांबवायचं.
राग उपयोगाचा नाही, रागाने मोजणी चुकते.
चौतीस हजारांच्या यादीत
एक पत्ता हाउकिपुदासचा निघाला.
रस्ता ओळखीचा. घर ओळखीचं.
ऑक्टोबरात बाबा पडले त्यानंतर
चुलीच्या वर मीच लावलेला कॅमेरा.
पासवर्ड नंतर बदलू, म्हटलं होतं.
लोकांना शिकवते मी हे, पगार घेऊन.

एक ओळ लिहिली. त्यांनाही बंद केलं.

मग फोन लावला.
एकदा वाजला, दोनदा, पाचदा.
मी वाट पाहत राहिले
एक खुर्ची राखून.

‘हं,’ बाबा म्हणाले, ‘जागाच आहे.’
चुलीवरचा कॅमेरा आहे ना, त्याची मागची वायर काढा.
‘हा? गरम झालाय खरा. रात्रभर कुणाशी बोलतोय?’
आमच्याशी, मी म्हटलं.
स्टूल सरकल्याचा आवाज. स्टुलावर चढू नका, म्हणेपर्यंत
ते चढले होते.
‘काढली,’ म्हणाले. ‘आता तुला मी दिसणार कसा?’

अन्सी मागून म्हणाला, रेघ उतरतेय.
यादीत एक कमी झाला.
तेहतीस हजार नऊशे नव्व्याण्णव.
‘केर्तू,’ फोनमधून बाबा, ‘आहेस का?’