आवक क्रमांक ३१७

कोपरखैरण्यातल्या हॉस्पिटलच्या तळघरात माझी खोली.
वर ऑपरेशनं होतात,
खाली त्यांचे कागद होतात.
अकरा वर्षं फाइलींना पंच मारतोय.
माणसं मला भेटतात ती पानांना आकडे पडल्यावर.

सोमवारी द्वारकाबाई मढवी आल्या, घणसोली गावातल्या.
हातात अर्ज, नातवाच्या शाळकरी अक्षरात:
सुनेच्या केसपेपरची नक्कल मिळावी.
काचेच्या भोकाशी तोंड नेऊन म्हणाल्या,
"मना भांडाचा नाय, बाला.
मना कागद पायजे."

फाइल मी आधीच वाचली होती.
वाचायची नसते.
पण पंच मारताना डोळा पडतोच.
तेजल मढवी, वय सव्वीस.
सकाळी नऊला नर्सने लिहिलंय: शुद्धीवर, बोलते, चहा मागते.
गाठ काढायला टेबलावर घेतली
आणि गाठीबरोबर गर्भपिशवीही निघाली.
'तातडी' हा रकाना कोरा.
संमतीपत्र इंग्रजीत, दीड पानाचं,
तळाशी सही, रुग्णाशी नाते: पती.
वेळ दोन चाळीस.
शस्त्रक्रिया सुरू: दोन दहा.

मी साहेबांना फोन लावला.
"सासू?" ते हसले.
"सासूला कसली नक्कल, गवाणकर?
गोपनीयता असते. कायदा आहे.
रुग्णाची स्वतःची सही लागते.
दुसऱ्या कुणाची चालत नाही."

फोन ठेवला तरी
ते वाक्य टेबलावरच राहिलं, पेपरवेटसारखं.
दुसऱ्या कुणाची चालत नाही.
खरं बोलले होते साहेब.
कधी नव्हे ते, आणि चुकून.

"सून कुठाय?"
"भायेर, रिक्षान बसलेय.
या दारान पाय टाकीत नाय."

मी नोंदवही काखेत मारली,
शिक्का घेतला, शाईची गादी घेतली, जिना चढलो.
वाटेत वॉटर कूलर.
त्याच्यामागे रुग्णहक्कांची सनद, फ्रेम केलेली.
तपासणीच्या दिवशी कूलर सरकवतात.
एरवी ओळींची फक्त शेपटं दिसतात:
चा अधिकार,
चा अधिकार,
चा अधिकार.
कशाचा, ते पाण्यामागे.

रिक्षाचं मीटर चालू होतं.
तेजलने पोटावर पर्स धरली होती, दोन्ही हातांनी.
मी अर्ज पुढे केला, सवयीने बोट ठेवलं:
इथे सही.
मग बोट उचललं.
म्हटलं, आधी वाचा.

ती वाचत राहिली.
रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं.
तिने स्वतःच्या नावावर थांबून
मधला एक काना दुरुस्त केला,
आणि विचारलं,
"सही केली की काय होतं?"

आठ आठवडे उशिरा आला हा प्रश्न.
त्या दुपारी तिच्यासमोर
कुणी कागदच धरला नव्हता.

मी सांगितलं. जेवढं ठाऊक होतं तेवढं.
की बहात्तर तासांत नक्कल द्यावी लागते.
की तास मोजायला सुरुवात शिक्क्यापासून होते,
म्हणून तर शिक्का कुणी मारत नाही.
की पुढचं ग्राहक मंचातले वकील सांगतील, मी कारकून.

तिने सही केली. पूर्ण नाव, हळू.
रिक्षाच्या सीटवर वही टेकवून मी शिक्का मारला.
आवक क्रमांक ३१७.
अकरा वाजून पंचवीस मिनिटं.
द्वारकाबाईंनी पोचपावती पदराच्या गाठीत बांधली,
मग सोडली,
सुनेच्या हातात दिली.

खाली आलो तर फोन वाजत होता.
माझ्या ड्रॉवरात व्हाइटनरची बाटली आहे.
दोन चाळीस आणि एक चाळीस
यांत एकाच आकड्याचा फरक,
आणि हे अक्षर मला जमतं.
पूर्वी जमवलंय. दोनदा.

फोन वाजू दिला.
पानं मोजली: त्रेसष्ट.
नोंदवहीत, तिच्या सहीच्या शेजारी, शाईने लिहिलं:
पाने ६३.
पान २२, संमतीची वेळ २.४०.
फुंकर मारून वाळवलं.

मग उचलला.