डावं चाक

आधी वाटलं, टायरच.
मग वाटलं, नवी खडी टाकलेला रस्ता बोलतोय.
पण आंजर्ल्याचा फाटा मागे पडला,
डांबर गुळगुळीत झालं,
तरी तो होताच.
चाळीसला कुजबुज,
पन्नासला जात्याची घरघर,
साठला डबीत कोंडलेला भुंगा.
मी रेडिओ मोठा केला.

शब्बीर मुकादम शेजारी बसले, चप्पल काढून,
तळवे पत्र्याला टेकवून.
म्हणाले, उतारावर गिअर काढ.
आसूदच्या उतारावर काढला.
इंजिन खाली बसलं,
वाडीतल्या पाटाचं पाणी ऐकू आलं,
आणि तो, तसाच.
"म्हंजे इंजिन नाय, गिअर नाय.
अर्धा बिल इथंच वाचला तुजा."

उजव्या वळणावर आवाज फुगला,
डाव्या वळणावर विरला.
मी म्हटलं, उजवंच चाक.
मुकादम हसले.
"एस्टीत उभा ऱ्हातोस ना?
गाडी उजवीकडं वळली की कुणाच्या अंगावर पडतोस?
ज्याच्यावर भार, त्याची बोंब."

मग विचारलं,
"हितं, ह्या सीटवर, रोज कोण बसतं?"
चांगुणाकाकी. सुरमईच्या दोन पाट्या, दापोलीपर्यंत.
"कदी काय बोल्ली?"

बोलली होती.
गणपतीच्याही आधी.
माज्या पायाखाली कायतरी दळतंय रे, म्हणाली होती.
मी म्हटलं होतं, काकी, तू मासळी बघ.
तेव्हापासून ती पाय वर घेऊन बसते, मांडी घालून.
मला वाटायचं, बर्फाचं पाणी लागतं म्हणून.

गाडी जॅकवर चढली.
मुकादमांनी चाक हाताने फिरवलं,
दुसरा हात स्प्रिंगवर,
ताप बघावा तसा.
"ठेव हात."
ठेवला.
ओलं जाडं मीठ
बोटांखालून सरकत होतं.

हब उघडला.
ग्रीस कसलं, दूध नासलेला चहा.
रोलर काळे-निळे, कडीला देवीचे व्रण.
"पान्यात घालतोस गाडी?"
ओहोटीला, होडीपर्यंत. बैलगाडीचे पैसे वाचतात, म्हटलं.
"खेडावरनं तापून येतो हा,
तू थंड पान्यात बुडवतोस.
तापलेला आकसतो, आतनं श्वास घेतो.
हवा कुठली आली तिथं?
दर्या घेतो."

पन्नास-पन्नास रुपये वाचवत
मी रोज एक घोट समुद्र
त्याच्या घशात ओतत होतो.
अठराशे पन्नास. सील वेगळं. मजुरी वेगळी.
जुनी बेअरिंग त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली.
फिरवली तर अजून कण्हत होती.
घरी आणली. कशाला, माहीत नाही.
खिडकीत आहे, मुलगा त्यावर पेन्सिली ठेवतो.

सकाळी साडेपाच. बंदरावर गाडी
कोरड्या वाळूवर, पाण्यापासून वीस पावलं लांब.
बैलवाल्याने पैसे मोजून घेतले, हसला.
काकी चढली, पाट्या मागे, डबा मांडीवर,
मांडी घातलेलीच.
आसूद गेलं. गाडी नुसती धावत होती.
कधीतरी तिने एक पाय खाली सोडला.
मग दुसरा.
बराच वेळ काही नाही.
मला वाटलं, आता म्हणेल काहीतरी.

म्हणाली, "मागचं फळकं वाजतंय."

मी रेडिओ बंद केला.
"कुठल्या बाजूचं, काकी?"