बावीस इंच

घराच्या मागं नऊ फूट बाय सात.
त्यात तुळस, धुण्याचा दगड, पाण्याचा बॅरल,
नातीची चाक नसलेली सायकल.
उरलं त्याला आमच्या शुक्रवार पेठेत परडं म्हणतात.

तिथं मी डांगर लावलं.
बी हिंदुरावनं दिलं, वडणग्याच्या शेतातलं.
म्हणाला, "ह्याला अर्धा गुंठा लागतोय बघ."
म्हटलं, लागू दे की.

तालमीत मॅट आली तेव्हा
आखाड्याची लाल माती ट्रॉलीत भरून चालली होती.
सहा पाट्या मागून आणल्या.
तेल, ताक, हळद, लिंबू, आणि कुणाकुणाचा घाम.
आक्काताई म्हणाली, "आता भोपळा लंगोट लावून यायचा."

वेल चार दिवसांत दगडाला धडकला.
वळवला. बॅरलला वेढा देऊन
परत बुडाकडं आणला,
पेरापेरावर माती लोटली,
टेकेल तिथं मूळ धरेल म्हणून.
आम्ही चार भाऊ दोन खोल्यांत असेच वाढलो,
एकमेकांच्या उशापायथ्याला.

आषाढात पहाटे साडेपाचला मादी फूल उमललं.
नर फूल मकबूलच्या भिंतीवर, त्याच्या हद्दीत.
"भाभी, एक फूल नेतो हं," म्हणून तोडलं,
पाकळ्या सोलल्या.
पराग धुऊन जाऊ नये म्हणून
आक्काताईनं छत्री धरली, फुलावर.
आम्ही दोघं भिजत होतो.
इतक्या हलक्या हातानं मी कधी कशाला शिवलो असेन
आठवत नाही.
तिलाही आठवत नसावं. काही बोलली नाही.

पाच फळं धरली. एकच ठेवायचं.
तीन खुडली.
चौथ्याला विळी लावायचं धाडस होईना,
ते नखानं तोडलं, तिकडं बघत.

बूड कुजू नये म्हणून खाली फौंड्रीची वाळू,
वर सावलीला जुनं लुगडं.
रोज रात्री टेप.
तेव्हाच कधीतरी दार मोजायला हवं होतं.

चौतीस वर्षं मी उद्यमनगरात मोल्डर होतो.
साचा भरायच्या आधी विचार एकच:
पॅटर्न बाहेर कसा निघणार.
कडेला उतार दिला नाही तर वाळू ढासळते,
किती पोरांना शिव्या घालून शिकवलं.
आणि परड्याचं दार बावीस इंच.

भाद्रपदात एका संध्याकाळी टेपवर एकवीस आलं.
रुंदीला एकवीस, उंचीलाही तेवढंच.
विळा घेऊन बसलो.
आता कापलं तर निघतंय,
मार्केट यार्डात गुळाच्या काट्यावर चढवता येतंय,
आख्ख्या पेठेला दाखवता येतंय.
नाही कापलं तर वाढतंय,
पण इथंच.

अंधार पडला.
मकबूलच्या घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, मी मोजल्या, सहा.
विळा तुळशीकट्ट्यावर ठेवला
आणि बुडात एक बादली पाणी ओतलं.

सव्वीसवर थांबलं ते.
वजन कुणालाच माहीत नाही.
हिंदुराव म्हणतो ऐंशी किलो,
मकबूल म्हणतो क्विंटलला कमी नाही.
ते बाहेर जाईना, म्हणून माणसं आत आली,
बावीस इंचांतून एकेक, जाडी माणसं आडवी होऊन.
तालमीतली पोरं आली, त्यांनी आपली माती ओळखली.

दसऱ्याला करवतीनं उघडलं.
कुणी कोअर बसवला नव्हता
तरी आत इतकी नेटकी पोकळी.
एक ब्लोहोल नाही.
बराच वेळ मी नुसता हात फिरवत राहिलो,
पातेली घेऊन बायका खोळंबल्या.
मग फोडी गेल्या दारातून, ताटाताटानं,
आणि गल्लीभर घाऱ्यांचा वास.

वेल वाळला. सायकल परत जागेवर आली.
वाळूतला खड्डा मात्र मी भरू दिलेला नाही.
गोल आहे, बशीसारखा,
काठाचा एक कण ढासळलेला नाही.