पट

पटावर बावीस.
भरमाला धरून.

हजेरी घेताना त्याचं नाव मी शेवटी ठेवते,
म्हणजे एकवीस पोरांचं ‘हजर’ तरी
शांतपणे कानावर पडतं.
काल त्यानं पाटी फेकली, कुणाला लागली नाही.
परवा लागली होती.
पुजाऱ्याच्या नातीच्या भुवईवर तीन टाके,
आणि मी उचगावच्या दवाखान्यात
तिच्या आईकडं बघायचं टाळत
औषधांची चिठ्ठी चारदा वाचली.

माझ्या मनगटावर त्याचे दात आहेत.
नवऱ्याला म्हटलं, कुत्रं.
तो इंजेक्शनासाठी गाडी काढायला उठला
तेव्हा सांगावं लागलं.

मलप्रभा, त्याची आई, रताळ्यांच्या भांगलणीला जायची.
आता दहा ते चार शाळेच्या पायरीवर.
आत ओरडा झाला की अनवाणी धावते.
“रोजगार बुडायलाय खरं, काय करू बाई?”
आमच्याकडं ‘पण’ला ‘खरं’ म्हणतात,
त्यामुळं तिचं प्रत्येक वाक्य
मध्येच शपथेवर आल्यासारखं वाटतं.

बाप उद्यमबागेत, फौंड्रीत.
रात्रपाळीहून येतो, पट्ट्यानं मारतो,
मग पोरगं झोपलं की
वळांना खोबरेल लावत बसतो.
हे तिनंच सांगितलं.
कागदावर लिहू नका म्हणाली.

धारवाडला दोनदा नेलं.
डॉक्टर चांगला होता. कन्नडात विचारत होता.
भरमा मराठीत खिडकीचे गज मोजत होता.
मूल सांगितलेलं ऐकतं का :
नेहमी, कधीकधी, कधीच नाही.
मलप्रभेनं तिन्हींवर खूण करायला लावली.
गोळ्या लागू पडल्या, आठ दिवस.
बाकावर लाळ गाळत झोपायचा.
दोन धडे पूर्ण झाले.
आणि सांगायला लाज वाटते,
आम्हा सगळ्यांना बरं वाटलं.

सोमवारी कमिटी बसली. अर्जावर सोळा सह्या :
त्याला दाखला द्या.
मुतगेकर सर चष्मा पुसत राहिले बराच वेळ.
दाखला दिला की पट एकवीस, म्हणाले,
आणि यंदा बावीसच्या खाली गेलो
तर दुसरी बाई राहत नाही.
दुसरी बाई म्हणजे मी.
पाच वर्ग, एक मास्तर.
सोळाही जण आपापल्या अंगठ्यावरची शाई बघत बसले.
अर्जाची घडी झाली. फाईलला नाडी बांधली.

पायरीवरून मलप्रभेनं ऐकलं सगळं.
बाहेर पडताना तिनं मला हात जोडले.
कशाबद्दल, ते मी विचारलं नाही.

आज तो बिसिऊटाच्या खोलीत कडी लावून बसलाय.
सांबार दाराखालून वाहत आलंय.
मी दाराला पाठ टेकून खाली बसलेय,
पदर भिजलाय,
तो आतून लाथा घालतोय,
एकेक माझ्या मणक्यात.
मी मोजतेय.
बावीस केव्हाच झाल्या.