पेटीतला पारा

कळंबच्या बसस्थानकामागं
उत्तरेश्वर कूलरची मोटार उघडून बसलेला.
तांब्याची तार बोटाला गुंडाळत म्हणतो,
"पृथ्वी तापायलीय म्हणं. मोजली कुणी?
तुम्हीच ना, मैनोद्दीनभाई?
तहसीलच्या आवारात, त्या पांढऱ्या पेटीत डोकं घालून?"

मीच.
सव्वीस वर्षं, सकाळी साडेआठ, संध्याकाळी साडेपाच.
झडपांचं दार उघडायचं, श्वास धरायचा,
तोंडाच्या वाफेनंही पारा हलतो.
आकडा निळ्या शाईनं. कार्ड पुण्याला.

"अन् ते लिंबाचं झाड?"
ह्याला सगळं ठाऊक.
दोन हजार चारला लिंब रस्त्यात गेला,
पेटीच्या पायाशी फरशी आली,
मग झेरॉक्सवाल्याचं शेड.
"पत्रा तापला, भाई. पृथ्वी न्हाई."
दुकानातले तिघे हसले.
मीही हसलो,
पत्र्याचं खरंच होतं.

एक त्याला ठाऊक नव्हतं, ते मीच सांगितलं.
अठ्ठ्याण्णवचा मे. रुखसाना अंबाजोगाईच्या दवाखान्यात.
नऊ दिवसांचे आकडे मी तिच्या खाटेखाली बसून लिहिले.
एकेचाळीस. एकेचाळीस पूर्णांक दोन. चाळीस.
खिडकीतली झळ गालाला कशी लागते त्यावरून.
पुण्याहून कुणी काही विचारलं नाही.

तार सुटली त्याच्या बोटावरची.
"म्हंजे खोटंच की सगळं."

नऊ दिवस खोटे, उत्तरेश्वर.
निवृत्त झाल्यावर ते मी तांबड्या शाईनं खोडले,
पत्र्याची वर्षं वेगळी काढली,
आणि भूमचा तक्ता मागवला.
तिथली पेटी माळावर. शेजारी कुसळं,
आणि कुणाची तरी चुकलेली शेळी.
तिथल्या माणसाला मी पाहिलेलं नाही.
त्याचं कोण कधी आजारी पडलं, माहीत नाही.
तोही कधी झोपला असेल, कधी ढापला असेल आकडा,
पण माझ्याच दिवशी, माझ्याएवढाच कशाला ढापेल?
दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या तर
त्याचा पारा सावकाश चढतो, माझा जरा घाईनं.
घाई पत्र्याची.
चढ कुणाचा, ते तू सांग.

तो गप्प. पंख्याचं पातं उगीच फिरवून पाहिलं,
माझ्या वहीचा कोपरा ग्रीसच्या बोटानं काळा केला.
"मला नाही पटत," म्हणाला.
नको पटू दे.

बऱ्याच वेळानं, मोटार मिटताना,
"भूमला पहिली गाडी कितीला हाय?"

सव्वासहाला.
आणि पेटी उघडशील तेव्हा तोंड बाजूला कर.