वीस कुपनं

योनाच्या दप्तरातून डब्याआधी ती निघाली:
पिवळ्या कुपनांची चोपडी, पिन वाकडी बसलेली,
वीस पानं, पानाला पन्नास.
पहिलं बक्षीस मिक्सर, दुसरं मनगटी घड्याळ,
सोडत शाळा उघडल्यावर.
आणि मागच्या पुठ्ठ्यावर बारीक अक्षरांत:
न खपलेल्या कुपनांची रक्कम पालकांनी भरावी.

आम्ही घरात नाताळ म्हणतो.
शाळा ख्रिसमस म्हणते,
आणि तो वीस तारखेलाच उरकते,
कारण पुढे सुट्टी लागते.

मी डबा घासला.
घासता घासता रवा, खोबरं, डालडा,
मामंजींचा स्वेटर,
योनाची पँट, जी गेल्या वर्षी घोट्यापर्यंत होती.
शलमोनचा पगार दहाला,
म्हणजे पंधराला,
म्हणजे ठेकेदाराला आठवला तर.

रविवारी मिरजेहून सिटी बस धरून
सांगलीला नणंदेकडे गेले.
मार्थानं चहा टाकला,
आणि मी पर्स उघडायच्या आत
फ्रिजवरून तिची चोपडी काढली.
तिची निळी. दुसरी शाळा, तोच मिक्सर.
आम्ही इतक्या हसलो की चहा उतू गेला.
मग तिची दोन मी घेतली, माझी दोन तिनं,
शंभराची एकच नोट
टेबलावरून तिकडे गेली, इकडे आली.
बसचं भाडं तेवढं माझं.

रात्रपाळीला सात नंबरच्या आजोबांनी एक घेतलं.
तासगावचे, बेदाण्याचे व्यापारी.
"मिक्सर लागला तर आणून दे हां पोरी,
आता सगळं वाटूनच खायचं हाय."
सिस्टरनी एक.
शलमोनच्या दुकानदारानं एक, आमच्याच उधारीत धरून.
लिफ्टवाल्या बाबूनं नुसते हात जोडले:
दोन पोरं, दोन चोपड्या.

पहाटे ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर
कापसाचा अख्खा गुंडाळा पडला होता.
सांताच्या दाढीला किती लागतो? वीतभर.
कोण मोजतंय.
मी हात मागे घेतला, धुतला,
घरी जाताना मेडिकलमधून पंचेचाळीसचा आणला.
पावती मागून घेतली.
कशाला, ते मलाही माहीत नाही.

वर्गाच्या दारावर तक्ता लावलेला.
नावापुढे सोनेरी चांदण्या, पाच कुपनांना एक.
काहींपुढे चार, एकापुढे रांग मावेना म्हणून वळवलेली.
योनापुढे एक,
तीही एका टोकावरच चिकटलेली.
"बघ आई," तो म्हणाला,
"माझीच हलतीय."

पाटणकर मॅडमनी उरलेली पंधरा मोजली,
साडेसातशे लिहिले.
"स्मार्ट बोर्डासाठी आहे ना," म्हणाल्या.
मग दाराकडे एकदा बघून, हळू:
"आम्हाला शंभर-शंभर दिलीत हो.
पगारातून कापणार."
मी सुट्टे पुढे केले.
त्यांनी मोजलेच नाहीत.
फळ्यावर कुणीतरी रंगीत खडूनं घंटा काढली होती,
आम्ही दोघी जराशा तिच्याकडे बघत राहिलो.

नाताळच्या सकाळी चर्चमध्ये
अर्पणाची पिशवी फिरली,
लाल मखमलीची, लांब दांड्याची,
आमच्या लग्नाच्याही आधीची.
तिच्यात हात मूठ होऊन जातो
आणि उघडा होऊन बाहेर येतो.
आत काय सुटलं ते तिलाच ठाऊक.
तिला दार नाही, दारावर तक्ता नाही.

योनाच्या हातात मी दहाचं नाणं दिलं होतं.
त्याची मूठ आत गेली तेव्हा
बोटांच्या फटीतून पिवळा कोपरा दिसला.
नाणंही पडलं, आवाज आला.
"पन्नासचं आहे ना ते," तो माझ्या कानात म्हणाला,
"मिक्सर लागला तर चर्चला."
मी गाण्याच्या पुस्तकात तोंड घातलं.

दुपारी खजिनदार याकोबमामा
टेबलावर पिशवी पालथी करतील,
नोटा इकडे, नाणी तिकडे,
आणि मग चारशे सतरा नंबर
उजेडाकडे धरून
चष्मा पुसतील.