दाराची किल्ली

ही घे, अज्जब.
गंजलीय, पण हिचे दात शाबूत आहेत,
माझ्याहून जास्त.

आधी नावं पाठ कर.
सेन्नारच्या धरणातून निघतो तो थोरला कालवा,
तो आपलं ऐकत नाही.
त्याचा हा धाकटा पाट,
पाटाच्या पोटातून फुटते ती चारी, तिचं नाव वीसचा बाप.
वीसच का, मलाही कुणी सांगितलं नाही.
वीसच्या बापाला सहाचे बाप,
आणि सहाच्या बापांना लेकरं किती, उपाशी किती,
ते टेलाला राहणाऱ्यांना विचार.

दिवस बुडाला की सगळी दारं खाली.
नदी झोपत नाही, माणसं झोपतात;
रात्रीचं पाणी पाटातच मुक्कामाला ठेवायचं.
पहाटे पट्टीवर बघ, वीतभर चढलेलं असतं.
चार बोटंच चढलं तर समज,
वरच्या अंगाला कुणीतरी अंधारात दार उचललं.
बहुतेक बाबिकर.
भांडू नकोस.
त्याच्या ओल्या बांधावर नुसता जाऊन उभा राहा
चिखलानं भरलेल्या चपलांनिशी,
आणि चहा माग.

गुरुवारी मागणीचा कागद.
हे मात्र नीट ऐक.
आज मागितलेलं पाणी मंगळवारी पोचतं,
म्हणून आज दिसते ती तहान लिहायची नाही,
मंगळवारची लिहायची,
जी अजून पिकालाही ठाऊक नसते.

दुपारी ज्वारीच्या पानांची सुरळी झाली तर घाबरू नकोस,
दुपारी आपणही तसेच असतो.
दिवेलागणीलाही उलगडली नाहीत
तर तुला उशीर झालाय.
पोटरीत आली की विचारत बसू नकोस, दे.
भुईमुगाला आऱ्या सुटतात तेव्हा माती मऊ हवी,
नाहीतर त्या वरच्या वर टेकून वाळतात,
दार ठोठावून परत गेल्यासारख्या.
कापूस उंट आहे. थोडा तरसू दे.
आणि काळीतलं ढेकूळ मुठीत दाबून बघ रोज.
कागदावर वाफशाचा रकाना नाही,
तो हातात असतो.

ही वही पण घे.
नाही, ते पान फाडू नकोस.
ते वाळलेलं पातं ज्वारीचं आहे,
सित्तनाच्या हवाशातलं.

त्या वर्षी मी बरोबर लिहिलं होतं.
गुरुवारी पाहिलं, पोटरी फुगतेय;
मंगळवारसाठी भरपूर मागितलं,
साहेबानं पहिल्यांदाच मागितलं तेवढं दिलं.
सोमवारी रात्री आभाळ कोसळलं.
काळी फुगली, भेगा मिटल्या,
आणि त्यावर माझं मंगळवारचं पाणी आलं,
वेळेवर.

मी सेन्नारला निरोप धाडला, की परत घ्या.
पाणी परत घेत नाहीत, अज्जब.
वरच्यांनी आपापली दारं पाडली,
प्रत्येकानं पुढच्याकडे ढकललं,
शेवटी टेलाला सित्तना होती.
इतकी वर्षं जिला पाणी पोचलं नाही
तिला त्या आठवड्यात सगळ्यांचं पोचलं.

नऊ दिवस तिची ज्वारी गुडघाभर पाण्यात उभी राहिली
आणि पिवळी पडत गेली, खालच्या पानापासून.
ती आली तेव्हा मला वाटलं, ओरडेल.
तिनं वही मागितली,
गुरुवारचं पान शोधलं, वाचता येत नाही तिला,
माझ्या आकड्यांवर हे पातं ठेवलं
आणि वही मिटली.
त्या हिवाळ्यात तिच्या चुलीवर
विकत आणलेल्या पिठाची किसरा होती.
मला वाढली. मी खाल्ली.

तेव्हापासून मागताना हात जड होतो.
तुझा होईल की नाही, मला माहीत नाही.
तू आकाशाचा अंदाज फोनवर बघतोस,
बघ.

चल, ऊन चढायच्या आत एकदा चालवून दाखव.
चाक डावीकडे. अजून.
पाण्याचा आवाज बदलतो तिथपर्यंत.
आता थांब.
बघितलंस? थांब म्हटल्यावरही
दोन दाते पुढं जातं ते.
त्याच्या आधी थांबायचं.